त्रिपुरीचा दिवा मी इथे सोडला

चियांग माई, 17 नोव्हेंबर 2024

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर काही धड बोलणं होत नाही, बाबा स्पीकर चालू करतात, आई स्वयंपाकघरातून ओरडून विचारते जेवलीस का, आणि जे सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून सरळ लिहूनच काढतेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आई, दिवाळीला आले नाही याचं तुला वाईट वाटलंय, तू बोलली नाहीस तरी कळतं मला. सुट्टी एकदाच मिळत होती आणि मी थायलंडला आले. त्यात परवा त्रिपुरी पौर्णिमेला तू एकटीच गणपती घाटावर गेलीस असं बाबा म्हणाले तेव्हा पोटात कालवलं, कारण त्याच संध्याकाळी मीही पिंग नदीच्या काठावर बसून दिवाच सोडत होते.

खरंच. इथे त्याच पौर्णिमेला लॉय क्रथोंग असतं. लॉय म्हणजे तरंगत सोडणं आणि क्रथोंग म्हणजे पानाचा द्रोण. इकडे उत्तरेत त्याच्याच जोडीने यी पेंग साजरं करतात, घराच्या फाटकावर, देवळाच्या पायऱ्यांवर, सगळीकडे मातीच्या पणत्या, त्यांना म्हणतात फांग प्रथीप. बाबा तुम्ही लगेच म्हणाल प्रदीप! तोच शब्द आहे. आकाशात सोडायचे कागदी कंदीलही पाहिले, व्हिडिओ पाठवलाय, पण ती मोठी गर्दी आणि हजारो रुपयांची तिकिटं, माझं मन काही तिथे रमलं नाही. मन रमलं ते मी राहतेय त्या घरातल्या आजीच्या ओट्यावर.

तिला सगळे 'याय' म्हणतात, म्हणजे आईची आई. इंग्रजी येत नाही, नात मध्ये बसून सांगते. पौर्णिमेच्या दुपारी यायने मला हाक मारून चटईवर बसवलं आणि पुढ्यात केळीच्या बुंध्याची चार बोटं जाड चकती ठेवली. मग केळीचं पान ओल्या फडक्याने पुसून दोन-तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडल्या, एकेक पट्टी दोन्हीकडून दुमडून टोक काढायचं आणि बारीक काडीने चकतीच्या कडेला टोचायचं, टोकाला टोक लागून असं गोल फिरत गेलं की कमळ उमलल्यासारखं दिसतं. आई, अगं डिट्टो तुझे हात! तू श्राद्धाला द्रोण टोचतेस ना, अंगठ्याने पान दाबून धरून काडी आडवी घालतेस, अगदी तसंच, आणि माझं पान दोनदा फाटलं तर तिनेही तुझ्यासारखंच न बोलता हातातून काढून घेऊन नीट करून दिलं. मध्ये झेंडू, तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती, एक नाणं. शेवटी नखाचा एक तुकडा आणि दोन केस त्यात टाकायला लावले, म्हणजे वर्षभराची पीडा त्याच्याबरोबर वाहून जाते. तिन्हीसांजेला नखं कापताना बघून तू काय म्हणाली असतीस ते सगळं कानात वाजलं.

आणि आता जे सांगायचंय ते. यायच्या घराच्या भिंतीवर माझ्या कमरेच्याही वर एक मातकट रेघ आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिंगला फार मोठा पूर आला होता, शहरात बऱ्याच घरांत पाणी शिरलं, हिच्या घरातल्या गाद्या, फ्रिज, कपाट, सगळं गेलं. अजून कोपऱ्यात चिखलाचा वास येतो. मी विचारलं, एवढं झाल्यावरही नदीची पूजा? नातीने विचारून सांगितलं की आज नदीची माफी मागायची असते. आपण वर्षभर तिचं पाणी वापरतो, त्यात घाण टाकतो, त्याची माफी, आणि तिने पाणी दिलं म्हणून आभार. पुराचा विषयच तिने काढला नाही. आणि नदीला काय म्हणतात माहितीये? मे खोंगखा. मे म्हणजे आई, खोंगखा म्हणजे गंगा! नदी पिंग असो की दुसरी कुठली, ती गंगामाई. आपण कृष्णामाई म्हणतो तसंच की.

संध्याकाळी काठावर गेलो, यायने क्रथोंग कपाळाला लावलं, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटली, मग पायरीवर बसून हळूच पाण्यावर ठेवलं आणि हाताने पाणी मागे सारत पुढे ढकललं. मीपण तसंच केलं. नदीची माफी मागितली आणि आई, तुझीपण मागितली. दिवा लांब जाईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं होडीतून जाळीने ते सगळे द्रोण गोळा करत होती, तेपण बघून बरं वाटलं. केळीचं आहे म्हणून कुजतं, थर्माकोलचे वापरू नका असं इथे आता लोकांना सांगतात.

बाकी इथे रोज काहीतरी असं सापडतं की तुमची आठवण येते. हात जोडून नमस्कार करण्याला 'वाय' म्हणतात, बाबा, म्हणजे आपल्या वाईवाल्यांनी तर सारखं हात जोडूनच फिरायला हवं. मोठ्या माणसाला करताना डोकं जास्त झुकवायचं आणि हात जास्त वर. आणि बायका प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराने 'खा' म्हणतात, पहिले दोन दिवस मला वाटायचं सगळ्या मला जेवायलाच वाढतायत. बुद्धाच्या मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. देवाकडे पाय करू नकोस म्हणून तू लहानपणी मारलेल्या चापट्या इथे कामाला आल्या.

तुझ्या उपासतापासाचीही सोय आहे बरं का. 'जे' लिहिलेली पिवळी पाटी असली की तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. आणि चातुर्माससुद्धा आहे, आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्खू एकाच विहारात मुक्काम करतात, पावसाळ्यात हिंडत नाहीत. पहाटे ते अनवाणी भिक्षेला निघतात, याय दारात चप्पल काढून गुडघ्यावर बसते, पात्रात चिकट भात घालते, मग ते पालीत आशीर्वाद म्हणतात. एक अक्षर कळत नाही पण सूर इतका ओळखीचा वाटतो की मीपण आपोआप डोळे मिटते. बाबा, या भागाचं जुनं नाव लान्ना, म्हणजे दहा लाख भातखाचरं. तुम्हाला इथली खाचरं दाखवायचीत, विमानात पाय लांब करायला जागा मिळेल असं तिकीट काढीन, आईच्या गुडघ्याची काळजी करू नका.

पण त्याआधी मी येतेय. पुढच्या वर्षी त्रिपुरी 5 नोव्हेंबरला आहे, रजेचा अर्ज आत्ताच टाकलाय. बाबा, परसातल्या केळीचे सगळे मुनवे काढू नका, एक तरी जाड बुंधा लागेल. आई, वाती तू वळ, द्रोण मी टोचते, आता पान फाटत नाही माझं.

तुमची,
सोनू