डुलॅली म्हणजे आपलं देवळाली

प्रिय अव्या,

तुझं पत्र पोचलं. ऑफिसातला प्रिंटर बिघडला की तिथले इंग्रज लोक 'गॉन डुलॅली', म्हणजे वेडा झाला, असं म्हणतात, तो शब्द कुठला, असं विचारलंयस. अरे, नाशिकरोडच्या अलीकडचं आपलं देवळाली स्टेशन ते!

इंग्रजी अमदानीत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असत. बोटी सुटायच्या हिवाळ्यातच. ज्याची मुदत चैत्रात संपली, त्याचा मुक्काम पार दिवाळीपर्यंत. हत्यार नाही, कवायत नावापुरती, वर उन्हाळा आणि मलेरिया. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने १९३६ साली आपल्या आठवणी छापल्या. त्यात तो सांगतो, की एरवी नाव ठेवायला जागा नसलेले शिपाईही घरी निघायच्या तोंडावर इथे काहीतरी करून बसायचे नि तुरुंगात जायचे. कोणी गुप्तरोग घेऊन इस्पितळात. विचित्र वागणाऱ्याला पलटणीत 'डुलॅली टॅप' झालाय म्हणत. त्यातला टॅप म्हणजे चक्क ताप! पुढे ताप उतरला, डुलॅली राहिलं.

छावणीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असंही सांगतात. आपण नाही का म्हणत, 'याला ठाण्याला नेऊन सोडा'? पण मला रिचर्ड्सचं पटतं. त्याच्या मते सगळं त्या कंटाळ्यातून आलं. मुंबईचे लोक जिथे हवा खायला येतात, त्या गावाचं नाव वेडाला चिकटावं, हा मात्र अन्यायच.

आता शब्द बराच निवळलाय. यंत्र बिघडलं तरी डुलॅली, कुणी एखाद्या गोष्टीपायी येडा झाला तरी डुलॅली. विसरभोळ्या म्हाताऱ्यांनाही लावतात, ते ऐकायला बोचतं. प्रिंटरला खुशाल म्हण, कुणाच्या आजीला नको.

आणि हे शिपाई ज्या घराकडे डोळे लावून बसायचे, त्याचं त्यांच्या बोलीतलं नावही इकडचंच: ब्लायटी, म्हणजे विलायती. पहिल्या महायुद्धात घरी पाठवावं लागेल इतपत जखम झाली, तर त्या जखमेलाही ब्लायटी म्हणत, आणि अशी जखम मिळालेला नशीबवान समजला जाई.

डिसेंबरात येणार असलास तर तिकीट आत्ताच काढ, मग भाव चढतात. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
देवळालीकर