समीकरण आहे, उत्तर नाही

प्रिय सुहास,

'अतिसंवाहकतेचं समीकरण तुम्हाला अजून सापडत नाही' हा तुझा टोमणा पोचला. बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी 1986 मध्ये क्युप्रेट, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा अतिसंवाहक (थंड केल्यावर विजेला शून्य रोध करणारा) पदार्थ शोधला, दुसऱ्याच वर्षी नोबेलही मिळवलं, आणि आम्ही सिद्धान्तवाले अजून कागद काळे करतोय! हस लेका. पण समीकरणावाचून काही अडलेलं नाही. ते एका ओळीत मावतं, आणि तेच तर दुखणं आहे.

1963 चं हबर्ड मॉडेल, म्हणजे तेच एका ओळीचं समीकरण, घे. तांब्याच्या अणूंची जाळी म्हणजे बुद्धिबळाचा पट समज. इलेक्ट्रॉन शेजारच्या घरात उडी मारतो, तिचं माप टी. एका घरात दोघे आले, तर यू इतका ऊर्जेचा दंड. क्युप्रेटमध्ये यू हा टीच्या साधारण आठपट धरतात. त्यामुळे घरटी एक इलेक्ट्रॉन असला की कुणी जागचं हलत नाही. जो पदार्थ धातू असायला हवा तो विद्युतरोधक निघतो, शेजाऱ्यांचे स्पिन (इलेक्ट्रॉनची चुंबकी दिशा) एकमेकांविरुद्ध. आता थोडे इलेक्ट्रॉन काढून घे. रिकाम्या जागा फिरू लागतात, आणि थंड केल्यावर अतिसंवाहकता!

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वाहतात. 1957 च्या बीसीएस सिद्धान्तात, म्हणजे जुन्या अतिसंवाहकांच्या सिद्धान्तात, त्या जोड्या जुळवायला जाळीची कंपनं लागत. सिद्धान्तवाले अँडरसन यांनी 1987 मध्ये म्हटलं, जोड्या त्या रोधकातच दडल्या आहेत. तपशील सगळे टिकले नाहीत, तरी मला ती कल्पना आजही भुरळ घालते. एकमेकांना ढकलणारेच जोडी करतात, फक्त एका घरात येत नाहीत, म्हणून जोडीच्या तरंगाचं चिन्ह दिशेनुसार बदलतं. 1994 मध्ये तीन स्फटिक सांधलेल्या कड्यात अर्धा फ्लक्स क्वांटम (चुंबकी फ्लक्सच्या मूळ एककाचा अर्धा) सापडला आणि चिन्ह बदलणाऱ्या या जोडीला, म्हणजे डी-तरंगाला, जबरदस्त पुरावा मिळाला.

मग अडतं कुठे? प्रत्येक घराच्या चार अवस्था (रिकामं, दोनपैकी एका स्पिनचा एक इलेक्ट्रॉन, किंवा दोघे), म्हणून 16 घरांच्या 429 कोटींवर, आणि 20 घरांच्या त्याच्याही 256 पट. माँटे कार्लो पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, नमुने घ्यावेत, तर धन-ऋण चिन्हं एकमेकांना खाऊन टाकतात. त्यातून, इलेक्ट्रॉन पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेली अवस्था आणि अतिसंवाहक अवस्था यांच्या ऊर्जेत फरक इतका किरकोळ, की तिरक्या घरात जाणारी उडी मॉडेलात घ्यायची की नाही यावर निकाल फिरतो. 'जोड्यांचा गोंद कोणता' हा वाद म्हणूनच मला आता कंटाळवाणा वाटतो. खरी चुरस या दोन अवस्थांमध्ये आहे.

तुझ्या नमुन्यांचे तापमान-रोधाचे आलेख मात्र पाठव. अतिसंवाहक होण्याच्या तापमानाच्या वर रोध सरळ रेषेत चढतो ना, ते आमच्या मॉडेलातून कितपत निघतं हे ताडून पाहायचंय. कच्चे आकडेच दे, गुळगुळीत केलेले नकोत.

तुझा,
विनय