मुका लॅपटॉप

हेलसिंकी,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लॅपटॉप बोलू लागला! गेला महिनाभर मी कानात इअरफोन खुपसून बसायचे आणि आई दर रविवारी विचारायची, "कान दुखत नाहीत का गं?" तिला सांगा, सुटले.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ माझ्या जुन्या मशीनला चालत नाही. तुम्ही घेऊन दिलेलं, टाकवेना, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. १९९१ साली इथल्याच विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेलं, आणि त्याच्याच गावात ते माझ्यावर रुसलं! बाकी सगळं चाललं, स्पीकर तेवढा मुका. इअरफोनला आवाज मात्र स्वच्छ.

तुम्ही लगेच म्हणाला असतात, "मागचं सगळं ठीक आहे, दोष आउटपुटला." तसंच निघालं. स्पीकरसाठी आत वेगळा अँप्लिफायर आहे आणि त्याला जागं करायच्या आज्ञा मॉडेलगणिक निराळ्या. त्या विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असतात, छापील कुठेच मिळत नाहीत. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये अशा मॉडेलांची लांबलचक यादी आहे, तीत माझं नाही. जवळपासच्या मॉडेलांच्या आज्ञा लावून पाहिल्या. ढिम्म.

मग तुमची दुकानातली रीत आठवली. बंद सेटशेजारी तसलाच चालू सेट ठेवायचा आणि मीटर लावून एकेक जागा ताडून बघायची. माझा चालू सेट म्हणजे जुनं विंडोज. ते लिनक्सच्या पोटात, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या लटक्या कॉम्प्युटरमध्ये चालवलं, साउंडचं हार्डवेअर त्याच्या हवाली केलं आणि त्याचा ड्रायव्हर चिपला काय काय सांगतो ते उतरवून घेतलं. शेकडो ओळी! आधी रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या कप्प्याचा नंबर, मग त्यात घालायचा आकडा, पुन्हा नंबर, पुन्हा आकडा. मशीन पार बंद करून चालू केलं, नाहीतर विंडोजने जागा केलेला अँप्लिफायर तसाच राहून फसगत व्हायची. मग त्याच ओळी त्याच क्रमाने लिनक्समधून पाठवल्या आणि टप् झालं. आपला जुना रेडिओ लावताना व्हायचं तसंच. रात्रीचे दोन वाजले होते, नाहीतर ओरडलेच असते.

पुढचं काम कंटाळवाणं. नको त्या ओळी गाळल्या, उरलेल्या ड्रायव्हरमध्ये घालून तो कंपाइल केला, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात बांधला. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होतानाचा पहारा, सही नसलेला ड्रायव्हर आत घेईना, तेव्हा स्वतःची किल्ली बनवून सही केली. चार दिवसांनी कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झालं आणि स्वारी पुन्हा मुकी! आता नवं कर्नेल आलं की ड्रायव्हरही आपोआप नव्याने बांधला जातो.

डाव्या स्पीकरला अजून खरखर आहे. ती ड्रायव्हरची की स्पीकरच्या फाटलेल्या कोनची (पडद्याची), मला कळत नाही. रविवारी मोबाइल स्पीकरजवळ धरते, तुम्ही ऐकून सांगा.

आईला नमस्कार.

तुमची,
शुभा