बिल हातात, पण क्रेडिट कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करून घेणे. हार्डवेअरच्या दुकानदाराने एक लाखाचा माल १८ टक्के कर देऊन घेतला आणि तो १,२०,००० रुपयांना विकला, तर विक्रीवरचा कर २१,६००. त्यातून खरेदीचे १८,००० वजा जाऊन ३,६०० रोख भरायचे. हे गणित सगळ्यांना येते. छोटे दुकानदार अडकतात ते दुसरीकडेच.

१ जानेवारी २०२२ पासून नुसते बिल जवळ असून भागत नाही. विकणाऱ्याने ते आपल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, दाखवावे लागते; तरच ते तुमच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या तुमच्या क्रेडिटच्या यादीत, उतरते. मासिक रिटर्नवाल्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, २बी तयार होते १४ ला आणि ३बी, म्हणजे कर भरण्याचे रिटर्न, भरायचे २० पर्यंत. मधल्या सहा दिवसांत खरेदीचे रजिस्टर २बीशी ताडून पाहाच. बिल दिसत नसेल तर बहुतेकदा ते जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकांच्या किरकोळ विक्रीत किंवा भलत्याच ग्राहकाच्या नंबरावर गेलेले असते. विकणारा तिमाही रिटर्नवाला असेल आणि त्याने तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले आयएफएफमध्ये (अशी बिले दरमहा टाकण्याची सोय) टाकली नसतील, तर एप्रिलच्या मालाचे क्रेडिट थेट १४ जुलैला दिसते. तोवर कर खिशातून जातो. म्हणून अशा पार्टीकडून मोठी खरेदी करण्याआधीच विचारून घ्यावे.

नव्या पार्टीशी व्यवहार करताना मालाची रक्कम आधी द्यावी आणि कराची रक्कम बिल २बीत दिसल्यावर, असे ऑर्डरवरच लिहून घेतलेले बरे. मात्र बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण पैसे चुकते झाले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते.

मागच्या आर्थिक वर्षातले राहिलेले क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येते, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरले तर तेव्हाच दार बंद. सीजीएसटीचे (केंद्राच्या वाट्याच्या कराचे) क्रेडिट एसजीएसटीला (राज्याच्या वाट्याला) चालत नाही, हेही चलन भरण्याआधी पाहावे.

सर्वात जाचक आहे नियम ३७ए. विकणाऱ्याने जीएसटीआर-१ भरले, पण त्या काळाचे ३बी पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत भरलेच नाही, तर खरेदीदाराने ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट परत करायचे. ज्याने बँकेतून करासकट पैसे दिले, त्याच्याकडून पुन्हा वसुली का? खात्याने आधी कर बुडवणाऱ्याला गाठावे आणि तोवर खरेदीदाराच्या क्रेडिटला हात लावू नये, अशी दुरुस्ती जीएसटी कौन्सिलने करावी.

आपला,
एक करसल्लागार, सांगली