गिटारचा सांधा लांबीने झाकू नये

महोदय,

ठाण्यात मी तंतुवाद्यांची दुरुस्ती करतो. माझ्याकडे येणाऱ्या अकौस्टिक गिटारींपैकी काहींच्या वरच्या फळीचा मधला सांधा वर-खाली बसलेला असतो आणि आधीच्या दुरुस्तीत तो लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरून किंवा घासून झाकलेला आढळतो. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे.

गिटारची वरची फळी बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, एकाच तुकड्याचे उभे दोन काप पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून जोडलेली असते. चिकटवताना बाजूंनी दाब दिला आणि वरून दाब दिला नाही, तर ओल्या गोंदावर एक काप सरकून उंच बसतो. फळी अजून चार-पाच मिलिमीटर जाड असेल, तर ही पायरी रंध्याने सहज निघते, कारण तासणी पुढे व्हायचीच असते. परंतु तीन मिलिमीटरच्या तयार फळीत अर्ध्या मिलिमीटरची पायरी दोन्ही बाजूंनी घासून सपाट केली, तर जाडी अडीच मिलिमीटर उरते, आणि ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो सुमारे 58 टक्क्यांवर येतो. पोलादी तारांचा एकूण ताण 70 किलोच्या आसपास असतो. तो या अशक्त फळीला पेलावा लागतो.

फळी अजून खोक्यावर चढवलेली नसेल, तर सांधा उघडणे हाच योग्य मार्ग आहे. ओलसर फडके ठेवून इस्त्रीने ऊब दिली की पांढरा गोंद साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडतो आणि पातळ, बोथट सुरी हळूहळू सरकवून दोन्ही काप सुटे करता येतात. फळी पूर्ण वाळल्यावर कडांवरचा जुना गोंद निघेपर्यंत रंधा मारावा, कारण पांढरा गोंद स्वतःच्याच वाळलेल्या थरावर नीट धरत नाही. मग कडा जुळवून उजेडासमोर धराव्यात. प्रकाशाची रेघही दिसता कामा नये. पुन्हा चिकटवताना सांध्यावर मेणकागद आणि त्यावर आडवी सरळ पट्टी दाबून ठेवावी, मगच बाजूच्या पाचरी ठोकाव्यात. हे काम ऐन पावसाळ्यात उघड्या खोलीत करू नये. आपल्याकडे तेव्हा हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते, फुगलेले लाकूड जोडले जाते आणि पुढे वातानुकूलित खोलीत ते आकसून सांध्यावर ताण येतो. आर्द्रता 45 ते 50 टक्के राखता येईल अशी बंद खोली हवी.

गोंद निवडताना मी गरम सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, पसंत करतो. ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो व जुन्या थराशी नवा थर एकजीव होतो. झटपट चिकटणारा सुपरग्लू मात्र या सांध्यात वापरू नये. पुढच्या कारागिराला तो स्वच्छ उघडणे फार अवघड जाते.

तयार गिटारचा प्रश्न वेगळा आहे. तिच्या सांध्याला आतून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असल्याने तो उघडण्याचा हट्ट धरू नये. सांधा घट्ट असेल आणि पायरी नखाला जेमतेम लागत असेल, तर ती तशीच राहू द्यावी. सांधा फाकला असेल, तर आर्द्रता योग्य पातळीवर आणून गोंद भरावा आणि आतून स्प्रूसचे छोटे तुकडे लाकडाच्या रेषांना आडवे लावावेत.

दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांना माझी विनंती आहे, की कोणता गोंद वापरला आणि फळी किती घासली हे त्यांनी बिलावर लिहून द्यावे, आणि ग्राहकांनीही ते आवर्जून मागून घ्यावे.

— एक वाद्यदुरुस्तीकार, नौपाडा, ठाणे