आजोबांच्या सतरा फोटोंची विमानं ओळखून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव घालायचं नाही, ही तुमची अट मी पाळतोय. "नाव कशाला? ती विमानं काय मी बनवली होती?" असं तुम्ही फोनवर म्हणालात. पण आभार चारचौघांत मानायचे, हा माझा हट्ट. तेवढं चालवून घ्या.

तुमच्याकडे फोटो पाठवले तेव्हा खरं तर मला ओळख नको होती, शिक्का हवा होता. आमच्या घरात आजोबा म्हणजे 'स्पिटफायरवाले', त्या प्रसिद्ध ब्रिटिश लढाऊ विमानाच्या नावावरून. हे कुणी पहिल्यांदा म्हटलं ते कुणालाच आठवत नाही. आजोबा स्वतः दुसऱ्या महायुद्धाबद्दल अवाक्षर काढत नसत. मला वाटतं, आम्हाला त्या काळातल्या एकाच विमानाचं नाव ठाऊक होतं, म्हणून तेच आजोबांना चिकटलं. अल्बममधल्या सतरा फोटोंना घरानेच नावं पाडली होती: स्पिटफायर, रात्रीचं काळं बॉम्बर, पंख मोडलेलं विमान, गोळी लागलेलं विमान. तुमच्या तपासणीतून यातलं एकही नाव वाचलं नाही.

त्याआधी मी केलेला घोटाळा कबूल करतो. फोटो काळ्या जाड कागदावर खळीने डकवलेले होते. मागे काही लिहिलंय का ते बघायला मी एक फोटो नखाने उचकटला. टर्रकन आवाज झाला आणि मागच्या कागदाचा पापुद्रा अल्बमलाच राहिला. हातात आलेल्या फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेली अर्धी ओळ उरली: "फाळ, पावसाआधी". आजोबांचं घर शेतकऱ्याचं. पेरणीआधी नांगराच्या फाळाला धार काढून आणायची आठवण त्यांनी हाताशी आलेल्या फोटोवर लिहून ठेवली असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. तुम्ही मात्र आधी माझी खरडपट्टी काढलीत. डकवलेला फोटो सोडवू नये, आख्खं पान स्कॅनरवर ठेवावं, निदान १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके. आणि मग विचारलंत, "फाळाचं म्हणतोस, पण मागे हरिकेन उभं आहे ते कुणाच्या वावरात?"

हरिकेन! तेही ब्रिटिश लढाऊ विमानच, पण स्पिटफायर नव्हे. मी थोडा हिरमुसलो, आणि माझे मोठे काका तर तुमच्यावर चिडलेच. पण तुम्ही नुसता निकाल देऊन थांबला नाहीत, मला बघायला शिकवलंत. "नाकाकडे बघू नकोस, पायांकडे बघ." स्पिटफायरची चाकं धडाजवळ बिजागरलेली असतात आणि मिटताना बाहेरच्या बाजूला जातात, म्हणून जमिनीवर ते विमान पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. हरिकेनची चाकं पंखात लांब लांब बसवलेली, मिटताना आत येणारी. ते पाय फाकवून उभं राहतं. ओबडधोबड धावपट्टीवर हे फार सोयीचं, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. मग दोन चाकांच्या मधोमध पोटाखाली लोंबणारी रेडिएटरची पेटी दाखवलीत. स्पिटफायरचे रेडिएटर पंखांखाली असतात. आणि शेवटी कॉकपिटच्या मागे धडावर दिसणाऱ्या लांबट शिरा. मला ते ओरखडे वाटले होते. ते म्हणजे ताणून बसवलेल्या कापडातून वर उमटलेल्या लाकडी पट्ट्या. हरिकेनचा मागचा भाग कापडाने मढवलेला असे, स्पिटफायरचा पत्र्याचा. एवढं कळल्यावर मी बाकीचे फोटो पुन्हा चाळले. नऊ फोटोंत तेच फाकलेले पाय! इतकी वर्षं ते सगळ्यांसमोर होते.

पंख मोडलेल्या विमानाला तुम्ही मिनिटही दिलं नाहीत. ते व्हल्टी व्हेंजन्स, डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं. त्याचा पंख मुळातच तसा, आधी मागे आणि मग पुढे वळलेला. आपल्या हवाई दलाच्या सात आणि आठ नंबरच्या स्क्वाड्रनकडे, म्हणजे तुकड्यांकडे, ती होती, असं तुम्ही सांगताच मी आजोबांना सात नंबरमध्ये भरती करून मोकळा झालो. तुम्ही लगेच कान धरलात. धावपट्टीवर जे उतरेल त्याचा फोटो पोरं काढायची, फोटोत विमान आहे म्हणून माणूस त्या स्क्वाड्रनचा होत नाही.

सगळ्यात मजा आली ती काळ्या बॉम्बरची. ते हार्वर्ड निघालं, शिकाऊ वैमानिकांचं, आणि काळं नव्हे तर बहुधा पिवळंधमक. लहानपणापासून ज्याच्याबद्दल आम्ही कुजबुजत बोलायचो ते रात्रीचं बॉम्बर म्हणजे हळदीच्या रंगाचं शिकवणीचं विमान! तुम्ही समजावलंत की त्या काळी सर्रास मिळणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. त्या फिल्मवर लाल ते काळं येतं, पिवळं गडद येतं आणि निळं फिकट पडतं. 'कृष्णधवल फोटोत रंग नसतो असं नाही, तो खोटं बोलतो एवढंच' हे तुमचं वाक्य मी अल्बमच्या पहिल्या पानामागे लिहून ठेवलंय.

याच नियमाने तुम्ही तारखेपर्यंत पोचलात. आजोबांच्या मागच्या हरिकेनच्या धडावरचा गोल शिक्का मला साधा वाटला होता. तुम्ही विचारलंत, मधला ठिपका गडद की फिका? फिका. आणि गोल मोठा की लहान? लहान. ब्रिटिश विमानांवरच्या गोलात मधोमध लाल ठिपका असायचा, पण जपानी विमानांवरही लाल गोळाच. आपल्याच माणसांनी आपल्याच विमानावर गोळ्या झाडू नयेत म्हणून १९४२ मध्ये जपानविरुद्धच्या या आघाडीवर तो लाल ठिपका काढून टाकला. पुढे आग्नेय आशिया कमांड, म्हणजे या भागातल्या दोस्त फौजांची एकत्रित कमांड, आली आणि गडद निळ्या कड्यात फिका निळा असा छोटा गोल आला. ती कमांड झाली नोव्हेंबर १९४३ मध्ये, म्हणजे फोटो त्यानंतरचा. १९४५ च्या सुरुवातीपासून लढाऊ विमानांच्या पंखांवर आणि शेपटीवर ओळखीसाठी पांढरे पट्टे रंगवू लागले. आजोबांच्या मागच्या शेपटीवर पट्टा नाही. "म्हणजे बहुधा १९४४. बहुधा हा शब्द गाळू नकोस," तुम्ही म्हणालात. नाही गाळला.

मग त्या रात्री साडेदहाला तुमचा फोन आला. "अरे, ते फाळ नाही. आधीचं अक्षर तुझ्या काळ्या कागदाला चिकटून राहिलंय. इंफाळ!"

मी गप्पच झालो. इंफाळ, पावसाआधी. १९४४ च्या मार्चअखेरीस जपान्यांनी इंफाळचा रस्ता तोडला, तो उघडला २२ जूनला. तेवढे दिवस माणसं, दारूगोळा, धान्य सगळं विमानांनी आलं. एका फोटोत मागे धूसर दिसणारं दोन इंजिनांचं मालवाहू डाकोटा त्यातलंच असू शकतं. आपल्या एक नंबरच्या स्क्वाड्रनची हरिकेन त्या वर्षी फेब्रुवारीत तिथे गेली होती आणि स्क्वाड्रन लीडर होते अर्जन सिंग, जे पुढे हवाई दलाचे मार्शल झाले. जून १९४४ मध्ये त्या कमांडचे प्रमुख माउंटबॅटन यांनी त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक दिलं. माझ्या मोठ्या काकांचा राग हे ऐकून निम्म्याने उतरला. मी लगेच 'आजोबा, एक नंबर स्क्वाड्रन' असं लिहायला घेतलं, आणि तुम्ही पुन्हा म्हणालात, पेन्सिलीने लिही.

पण मला आभार मानायचेत ते मुख्यतः बारा नंबरच्या फोटोसाठी. घरच्या भाषेत 'गोळी लागलेलं विमान'. आजोबा शेपटीजवळ उभे आहेत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि त्यांच्या खांद्याशी धडावर तळहाताएवढा काळा डाग. आम्ही पाहुण्यांना तो भोक म्हणून दाखवायचो. तुम्ही तो भाग मोठा करून मला परत पाठवलात आणि भोवती गोल काढून फक्त एवढंच लिहिलंत: "कडा बघ."

कडा करवतीच्या दात्यांसारखी. भोकाला अशी कडा नसते. ते ठिगळ होतं. कापड फाटलं की रिगर, म्हणजे विमानाचं धड आणि पंख दुरुस्त करणारा कारागीर, लिननचा तुकडा कापायचा, धागे सुटू नयेत म्हणून कडा दातेरी कातरायचा आणि डोप, म्हणजे कापड ताणून धरणारं रोगण, लावून चिकटवायचा. डोप वाळला की कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणून बसतं. त्याचा पहिला हात तांबड्या डोपचा असे, वरचा रंग नंतर. तांबडं म्हणजे त्या फिल्मवर काळं. म्हणजे आजोबा उभे आहेत ते नुकत्याच लावलेल्या, अजून वरचा रंगही न चढलेल्या ठिगळाशेजारी.

काका, तुम्हाला मी तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो. आमच्याकडे आजोबांची छत्री आहे. काळ्या कापडाला तीन ठिकाणी ठिगळं आणि तिन्हींच्या कडा अशाच, दातेरी. आजी म्हणायची, ह्यांचं सगळं असलं नक्षीदार! शाळेचं माझं दप्तर फाटलं तेव्हाही त्यांनी तसंच कातरून दिलं होतं आणि मी मित्रांना हसू येईल म्हणून ते आतल्या बाजूला वळवून न्यायचो. तुमचा गोल केलेला फोटो आला त्या संध्याकाळी मी छत्री उघडून दिव्याखाली धरली. शेजारी फोटो ठेवला. दात्यांमधलं अंतरसुद्धा जवळजवळ तेवढंच दिसलं, पण हे मी तुमच्यासमोर पुरावा म्हणून ठेवत नाही. ठिगळ त्यांनीच लावलं असं म्हणता येणार नाही, हे तुमचंच म्हणणं. "मात्र दुसऱ्याच्या कामाशेजारी असं छाती काढून कुणी उभं राहत नाही," हेही तुमचंच.

सतरापैकी दोन फोटो तुम्ही 'सांगता येत नाही' म्हणून परत केलेत. एका फोटोत नुसतं पंखाचं टोक आहे, दुसरा हललाय. काहीतरी नाव देऊन मला खूश करणं तुम्हाला सोपं होतं. त्या दोन्हींखाली मी काहीच लिहिलेलं नाही.

मोठे काका सध्या अल्बम स्वतःकडे घेऊन बसलेत आणि आल्यागेल्याला चाकं बघायला लावतात. तुम्ही सांगितल्याप्रमाणे उरलेली पानं १२०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन करून पाठवतोय. सहाव्या पानावर हरिकेनच्या शेपटीजवळ दोन अक्षरं आणि सावलीत बुडालेला एक आकडा दिसतो. मला तो तीन वाटतोय, माझ्या बायकोला आठ. घाई नाही, सवडीने बघा.

तुमचा ऋणी,
एका रिगरचा नातू