बाण कुठे वळतो ते मुलांना दिसू द्या

महोदय,

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात 21 वर्षे संगणक प्रयोगशाळा सांभाळून मी निवृत्त झालो. शेवटच्या पावसाळ्यातली एक दुपार मनातून जात नाही, म्हणून हे पत्र: प्रोग्राम थांबवून त्यातली चूक शोधायचे साधन, म्हणजे डिबगर, मुलांना शिकवा.

वाळपईहून येणारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सकाळपासून एकाच प्रोग्रामपाशी अडली होती. 'सी' या संगणक-भाषेत लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक कप्पा (नोड) पुढच्या कप्प्याचा पत्ता सांगतो अशी यादी, करून 10, 20, 30 हे आकडे भरायचे आणि छापायचे, एवढेच काम. पडद्यावर मात्र 30, 30, 30 अशी धार लागलेली. तिने दर दोन ओळींमागे प्रिंटएफ (पडद्यावर छापायची आज्ञा) घातला होता आणि त्या गर्दीत चूक आणखीच दडली होती. डबा तसाच होता, कदंबा बस चुकण्याची धास्ती वेगळी.

कोपऱ्यातल्या लिनक्स मशीनवर मी डीडीडी नावाचा डिबगर घालून ठेवला होता. तिचा प्रोग्राम जीसीसी या कंपायलरला डिबगरसाठीची माहिती ठेवणारा '-जी' पर्याय देऊन पुन्हा कंपाइल केला आणि नोड जोडणाऱ्या फंक्शनच्या शेवटी ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, ठेवला. तिसरा आकडा भरून झाल्यावर तिला यादीच्या पहिल्या नोडचा पत्ता ठेवणारा 'हेड' उघडायला सांगितले. चौकोन उमटला, आत 30. त्यातल्या 'नेक्स्ट'वर, म्हणजे पुढच्या नोडच्या पत्त्यावर, डबल-क्लिक केले, पुन्हा 30. पुन्हा तेच. मग डेटा मेनूतले 'डिटेक्ट एलियासेस' (एकच जागा अनेकदा दाखवली असेल तर ती ओळखणे) चालू केले, तसे सगळे चौकोन एकात मिळाले आणि बाण निघाला तिथेच वळून आला.

"सर, बाण परत थंयच येता!" ती ओरडलीच. पुढचे मला सांगावे लागले नाही. तिने आधी 'हेड'मध्ये नव्या नोडचा पत्ता भरला होता आणि मग त्या नोडच्या 'नेक्स्ट'मध्ये 'हेड'. तोवर 'हेड' म्हणजे तोच नोड. दोन ओळींची अदलाबदल केली, यादी सरळ झाली. पॉइंटर (दुसऱ्या जागेचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळले, असे मी खात्रीने म्हणतो.

डीडीडी फुकट आहे आणि मुक्तही. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात डोरोथेआ ल्युटकेहाउस आणि आंद्रेआस झेलर यांनी तो 1990च्या दशकात घडवला. खरे काम आतला जीडीबी हा आज्ञा टाइप करून चालवायचा डिबगर करतो, जो रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहायला घेतला. आपण ठरवलेल्या ओळीवरच प्रोग्राम थांबतो, एकेक ओळ पुढे नेता येते, प्रत्येक व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी काय आहे ते दिसते. बटण दाबले की खालच्या खिडकीत जीडीबीची आज्ञाही उमटते, त्यामुळे मुले नकळत त्या आज्ञाही शिकतात. उबंटू लिनक्सवर एका ओळीच्या आज्ञेने तो बसतो. त्याचे रूप जुनाट आहे हे खरे, पण लिंक्ड लिस्ट आणि ट्री (फांद्या फुटत जाणारी मांडणी) शिकवायला त्या चौकोन-बाणांइतके चांगले साधन मला दुसरे सापडले नाही.

तरीही मी पाहिलेल्या कितीतरी प्रयोगशाळांत आजही डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये टर्बो सी हे 'सी'चे जुने साधन चालते. त्यातही एफ-7, एफ-8 दाबून ओळीओळीने जाता येते, पण ते मुलांना दाखवतो कोण? जर्नलमध्ये प्रोग्राम आणि आउटपुट उतरवले की प्रयोग संपला. चूक कशी शोधली याला एकही गुण नाही.

राज्यात शाळांपासून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जात आहे, याचा मला आनंद आहे. तीच मुले उद्या महाविद्यालयात 'सी' शिकतील. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाला माझी कळकळीची विनंती आहे: प्रात्यक्षिक परीक्षेत एक चुकलेला प्रोग्राम द्यावा, तो डिबगरमध्ये चालवून चूक दाखवायला सांगावे आणि त्याला गुण ठेवावेत. गुण ठेवले की प्रयोगशाळेत डिबगर आपोआप येईल.

कुणा महाविद्यालयाला तो बसवून हवा असेल, मुलांना दोन तास शिकवायला हवे असेल, तर मी कुठल्याही शनिवारी यायला तयार आहे. मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
कुर्टी, फोंडा